तरंगणारी चकती आणि थंडीचा खर्च

नागपूरच्या धंतोली आणि रामदासपेठेत दवाखाने आणि तपासणी केंद्रं इतकी आहेत की नवखा माणूस पाट्या वाचता वाचताच चुकतो. त्यांतल्या ज्या केंद्रात पेशंटला आत सरकवायचं एमआरआय मशीन आहे, तिथे बहुतेक वेळा त्या मशीनच्या पोटात तारेचं एक मोठं वेटोळं उणे २६९ अंश सेल्सिअसवर, द्रवरूप हेलियमच्या जोरावर थंड राहिलेलं असतं. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असोत की डिसेंबरात १०, आत काही फरक पडत नाही. या वेटोळ्यात एकदा वीज सोडली, त्याची दोन्ही टोकं एकमेकांना जोडली आणि बाहेरचा पुरवठा काढून घेतला, तरी आतला प्रवाह वर्षानुवर्षं फिरत राहतो. म्हणून रात्री केंद्राला कुलूप लागलं तरी चुंबक चालूच असतो, आणि सफाईवाल्या मावशींना लोखंडी बादली घेऊन त्या खोलीत पाऊल टाकता येत नाही.

सुपरकंडक्टर म्हणजे अतिसंवाहक. पण हा शब्द ऐकल्यावर एमआरआय कोणालाच आठवत नाही. आठवतो तो फॅमिली ग्रुपवर फिरणारा व्हिडिओ: पांढऱ्या वाफेत एक काळी चकती चुंबकांच्या रुळावर अधांतरी धावते आहे आणि खाली लिहिलंय, ‘आता गाड्या हवेत धावणार!’ त्यावर कोणीतरी लगेच विचारतं, मग नागपूर-मुंबई दोन तासांत कधी?

ती चकती का तरंगते हे नीट कळलं की या प्रश्नाचं उत्तर बरंचसं हाती येतं. ते थोडं हिरमोड करणारं आहे, हे आधीच सांगतो. चकती तरंगवणं आज कॉलेजच्या प्रयोगशाळेतही जमतं. खर्च आहे तो तिला थंड ठेवण्याचा. जिथे हा खर्च वसूल होतो तिथे सुपरकंडक्टर केव्हाच कामाला लागलेत, फक्त तिथे तरंगताना काही दिसत नाही म्हणून त्यांचे व्हिडिओ फिरत नाहीत.

चुंबकावर चुंबक का ठरत नाही

जुन्या स्पीकरमधले दोन गोल चुंबक घ्या आणि एकमेकांना ढकलणाऱ्या बाजू समोरासमोर धरा. हाताला जोर जाणवतो, पण वरचा चुंबक सोडला की तो एक तर बाजूला घसरतो, नाही तर गिरकी घेऊन खटकन चिकटतो. हा आपल्या हाताचा दोष नाही. सॅम्युअल अर्नशॉ या इंग्रज गणितज्ञाने १८४२ मध्येच सिद्ध केलं की स्थिर चुंबकांची कशीही मांडणी केली तरी एकाला दुसऱ्यावर नुसतं अधांतरी ठेवता येत नाही. एका दिशेने तोल सांभाळला की दुसऱ्या दिशेने तो जातोच. मधून पेन्सिल घातली तर चुंबक तरंगल्यासारखा दिसतो, कारण बाजूला घसरणं पेन्सिलने अडवलेलं असतं.

ऑनलाइन मिळणारे तरंगते बल्ब आणि कुंड्या या नियमाला बगल देतात. त्यांच्या बैठकीत सेन्सर आणि वेटोळी असतात. वस्तू केसभर सरकली की सेकंदाच्या छोट्याशा भागात करंट बदलून तिला जागेवर आणलं जातं. प्लग काढा, बल्ब खाली.

दुसरी पळवाट चुंबकाला किंचित दूर ढकलणाऱ्या पदार्थांची. पाणी त्यातलंच, ग्रॅफाइटही. पण त्यांचा जोर फार कमी. नेदरलँड्समधल्या नायमेखनला १९९७ मध्ये आंद्रे गाइम आणि सहकाऱ्यांनी एक जिवंत बेडूक हवेत तरंगवला, त्यासाठी त्यांना १६ टेस्लाचा चुंबक लागला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राच्या ताकदीचं माप). आपल्या हाताळणीतला चांगला निओडिमियम चुंबक पृष्ठभागावर अर्ध्या टेस्लाच्या आसपास असतो, यावरून अंदाज यावा. (या बेडकाबद्दल गाइमना २००० साली गमतीचं इग नोबेल मिळालं आणि २०१० मध्ये ग्राफीनसाठी खरंखुरं. दोन्ही मिळवणारा हा पठ्ठ्या एकटाच.)

शून्य म्हणजे शून्य

नेदरलँड्समध्येच, लायडन शहरात, १९११ साली हाइके कामरलिंग ओनेस पारा थंड करत होते. द्रवरूप हेलियम बनवायची कला त्या काळी जगात फक्त त्यांच्या प्रयोगशाळेकडे होती. पारा ४.२ केल्विनच्या, म्हणजे उणे २६९ अंशांच्या आसपास आला आणि त्याचा विद्युतरोध एकाएकी नाहीसा झाला. ‘खूप कमी’ झाला असं नव्हे. मोजायला काही उरलंच नाही. साध्या तांब्याच्या तारेत इलेक्ट्रॉन धातूच्या कंप पावणाऱ्या अणूंना धडकतात, ऊर्जा गमावतात, तार तापते. पुरेशा थंडीत काही धातूंमधले इलेक्ट्रॉन जोड्यांनी चालू लागतात आणि या सगळ्या जोड्या मिळून एकाच लयीत वाहतात. एखादीला धक्का देऊन त्या लयीतून बाहेर काढायला जेवढी ऊर्जा लागते तेवढी त्या थंडीत कोणाकडेच नसते. हा खुलासा मिळायला १९५७ साल उजाडावं लागलं. बार्डीन, कूपर आणि श्रीफर या तिघांना त्यासाठी १९७२ चं नोबेल मिळालं.

तरंगण्याच्या दृष्टीने महत्त्वाचं साल मात्र १९३३. बर्लिनमध्ये माइसनर आणि ऑक्सेनफेल्ड यांना दिसलं की चुंबकीय क्षेत्रात ठेवलेला धातू थंड होऊन सुपरकंडक्टर झाला की तो आतलं क्षेत्र बाहेर लोटतो. त्याच्या पृष्ठभागावर आपसूक प्रवाह सुरू होतात, ते उलटं क्षेत्र तयार करतात आणि आतमध्ये सगळं शून्य. रोध नसल्यामुळे हे प्रवाह थकत नाहीत. वर चुंबक धरला तर तो दूर लोटला जातो.

बहुतेक लेख इथे थांबतात आणि ‘म्हणून ते तरंगतं’ असं लिहून मोकळे होतात. पण व्हिडिओतली चकती उलट्या रुळाखाली लटकूनही धावते. नुसतं लोटणं असतं तर ती उलटं केल्याबरोबर खाली पडली असती.

अडकलेली चकती

हा प्रयोग जवळून पाहण्यासारखा आहे. चकती साधारण तीन सेंटिमीटर रुंद, बोटभर जाड, काळी, हाताला चिनीमातीच्या तुकड्यासारखी लागते. इट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजन यांचं ते संयुग. १९८६ मध्ये झुरिकच्या आयबीएम प्रयोगशाळेत बेडनॉर्झ आणि म्युलर यांना तांब्याच्या ऑक्साइडमध्ये ३० केल्विनच्या (उणे २४३ अंशांच्या) वर सुपरकंडक्टिव्हिटी सापडली, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत पॉल चू आणि माव-क्वेन वू यांच्या गटांनी हा इट्रियमवाला पदार्थ शोधला, जो ९३ केल्विनला, म्हणजे उणे १८० अंशांनाच सुपरकंडक्टर होतो. नायट्रोजन ७७ केल्विनला, म्हणजे उणे १९६ अंशांना द्रवरूप असतो. खरी क्रांती ही: महागडा हेलियम सोडून नायट्रोजनवर काम भागायला लागलं.

थर्माकोलच्या वाटीत चकती ठेवतात. तिच्यावर पाच-सहा मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा, पुठ्ठ्यावर चुंबक. मग वाटीत नायट्रोजन ओततात. सुरुवातीला तो खळखळ उकळतो, पांढरे लोट वाटीच्या कडेवरून टेबलावर उतरतात (तो धूर नसतो, नायट्रोजनही नसतो, हवेतलं बाष्प गोठलेलं असतं). मिनिटाभरात उकळणं शांत होतं, म्हणजे चकती थंड झाली. आता पुठ्ठा हळूच ओढून काढायचा. चुंबक तेवढ्याच उंचीवर तसाच राहतो. प्लास्टिकच्या चिमट्याने टोचला तर डुलतो आणि जागेवर येतो. गोल चुंबक असेल तर बोटाने दिलेली गिरकी कितीतरी वेळ चालते. चुंबक चिमट्यात धरून वर उचलला तर खालची चकतीही त्याच्यामागे वाटीतून उठते, मधलं अंतर तसंच ठेवून.

शाळेतल्या मुलांसमोर हा प्रयोग केला की मागच्या बाकावरून आवाज येतोच, ‘सर, उलटं करा न, पडन ते!’ उलटं केलं की काही क्षण वर्गात सन्नाटा, आणि मग, ‘अजून एकदा, सर!’

असं का होतं? हा पदार्थ क्षेत्र पूर्णपणे बाहेर लोटत नाही. क्षेत्र ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की तो त्याला बारीक बारीक धाग्यांच्या रूपाने आत येऊ देतो. प्रत्येक धाग्यात क्षेत्राची एक ठरलेली मात्रा असते, कमीही नाही नि जास्तही नाही. एक दशांश टेस्लाच्या क्षेत्रात नखाएवढ्या, म्हणजे एक चौरस सेंटिमीटर जागेतून असे सुमारे ४८० कोटी धागे जातात. प्रत्येक धाग्याचा गाभा दीड-दोन नॅनोमीटरचा आणि तेवढ्या जागेत पदार्थ सुपरकंडक्टर नसतो. आता चकतीत जिथे आधीच काही खोट आहे, एखादा परका कण किंवा चीर, तिथे धाग्याला बसणं स्वस्त पडतं. तो तिथे रुततो. संक्रांतीनंतर बाभळीत अडकलेला मांजा जसा ओढून येत नाही नि ढकलून सरकत नाही, तसे हे कोट्यवधी धागे आपापल्या काट्यांत अडकून बसतात. चुंबकाला वर, खाली, बाजूला कुठेही हलवायचं म्हणजे या सगळ्या धाग्यांना उपसणं. त्यामुळे चुंबक लोटला जात नाही, जागच्या जागी धरला जातो. अर्नशॉचा नियम मोडला नाही, कारण चकती स्थिर चुंबक नाही. चुंबक हलायला लागला की तिच्यातले प्रवाह त्या त्या हालचालीला विरोध करतात.

मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट ही, की चांगली चकती शुद्ध नसते. बनवतानाच तिच्यात इट्रियमच्या दुसऱ्या एका संयुगाची हिरवी पूड मुद्दाम मिसळतात. ही पूड सुपरकंडक्टर नाही. तिचं काम फक्त काट्यांचं. खोट नसलेली चकती क्षेत्राला पुरेशी धरूच शकत नाही.

गिरकी का चालते आणि चकती रुळावर का धावते, हेही यातूनच उलगडतं. गोल चुंबक आपल्या आसाभोवती फिरला तर क्षेत्रात काहीच बदलत नाही, म्हणून धाग्यांना उपसावं लागत नाही. रुळावर चुंबकांच्या तीन समांतर ओळी असतात आणि लांबीच्या दिशेने क्षेत्र सगळीकडे सारखं. त्या दिशेला चकती जवळपास कुठल्याही घर्षणाशिवाय सरकते, बाजूला मात्र जाऊ शकत नाही. रूळ बांधताना दोन चुंबकांमध्ये फट राहिली तर तिथे क्षेत्र बदलतं आणि चकती अडखळते. कॉलेजांच्या प्रदर्शनात चकती फेरीच्या मध्येच दमते, ती बहुतेक या फटींमुळे.

वजन किती पेलवेल? चुंबकीय दाबाचं सूत्र सांगतं की अर्ध्या टेस्लाच्या क्षेत्रात हा दाब जास्तीत जास्त दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो. म्हणजे तळहाताएवढ्या जागेवर एखादा धडधाकट माणूस, निदान कागदावर. जपानमध्ये एका सुमो पैलवानाला चुंबकी चकतीवर उभं करून खरोखर तरंगवलं होतं, पैलवान आणि चकती मिळून २०२ किलो. केंब्रिजमध्ये २०१४ साली अशा चकत्यांच्या जोडीत १७.६ टेस्लाचं क्षेत्र कोंडून ठेवण्यात आलं. तेव्हा अडचण आली ती वेगळीच: आतला जोर एवढा की चकतीच फुटायची, म्हणून तिच्याभोवती पोलादाचं कडं घट्ट बसवावं लागलं.

थंडी कितीला पडते

द्रवरूप नायट्रोजन ही काही परग्रहावरची चीज नाही. काटोल, कळमेश्वर, उमरेडच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. कोपऱ्यात निमुळत्या मानेचं ॲल्युमिनियमचं भांडं दिसेल. त्यात गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या नळ्या द्रवनत्रात बुडवून ठेवलेल्या असतात, आणि द्रवनत्र म्हणजेच द्रवरूप नायट्रोजन. नाशिकला इंडियन ऑइलच्या कारखान्यात अशी भांडी बनतात. दुहेरी भिंत, मधे निर्वात पोकळी, तोंडाला फोमचं सैल बूच. ३५ लिटरचं भांडं जास्त उघडझाप केली नाही तर महिनोन्‌महिने चालतं.

याचा अर्थ आकड्यांत पाहू. आत शिरलेली एक वॅट उष्णता दिवसाला जेमतेम अर्धा लिटर नायट्रोजन उडवते. त्या ३५ लिटरच्या भांड्यात वॅटभरही उष्णता शिरत नसते. तीच एक वॅट उष्णता हेलियमच्या भांड्यात शिरली तर दिवसाला सुमारे ३३ लिटर हेलियम जातो. आणि हेलियम हवेतून गाळून परवडणाऱ्या भावात मिळत नाही, तो नैसर्गिक वायूच्या विहिरींतून येतो. भारतात तर जवळपास सगळा बाहेरून. एमआरआय बनवणाऱ्यांनी म्हणूनच भांड्यावर मेहनत घेतली. पूर्वीच्या मशीनमध्ये हजार-दीड हजार लिटर हेलियम भरावा लागे. अलीकडच्या काही मशीनमध्ये ७ लिटर भरून कायमचं सील करतात आणि फ्रीजसारखं एक यंत्र तो सतत पुन्हा थंड करत राहतं.

मग आपला नागपुरी उन्हाळा? ‘इथे ४५ अंशांत ते टिकणार तरी कसं,’ हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. उत्तर गमतीशीर आहे. ७७ केल्विनवरची एक वॅट उष्णता उपसून २७ अंशांच्या हवेत टाकायला निसर्गनियमाने किमान २.९ वॅट वीज लागते. बाहेर ४५ अंश असतील तर ३.१. फरक किरकोळ! उणे १९६ पर्यंत खाली जायचं म्हटल्यावर वरचे अठरा अंश कोण मोजतो? थोडं जास्त नुकसान होतं ते गळतीत: तापलेल्या बाहेरच्या भिंतीतून आत जाणारं उष्णतेचं प्रारण सुमारे पाव पटीने वाढतं. दोन्ही धरून उन्हाळ्यात वीजखर्च तिसऱ्या हिश्श्याने वाढेल. बिल वाढेल, काम अडणार नाही. आपला कूलर मे महिन्यात जितकी शरणागती पत्करतो, तितकी तर मुळीच नाही.

हे झाले आदर्श आकडे. प्रत्यक्षातल्या यंत्रांना नायट्रोजनच्या तापमानाला एका वॅटमागे दहा ते तीस वॅट लागतात, आणि हेलियमच्या तापमानाला मोठ्या प्लांटमध्ये काही शे, लहान यंत्रांत काही हजार. सुपरकंडक्टरची कुठलीही योजना ऐकली की पहिला प्रश्न हाच विचारायचा: यात थंडी किती लागणार आणि तिचं बिल कोण भरणार?

गाड्यांचं काय

आधी एक गैरसमज. शांघायची प्रसिद्ध तरंगती रेल्वे, जी २००४ पासून विमानतळ ते लोंगयांग रोड हे ३० किलोमीटर नियमित धावते आणि जिने ४३१ किलोमीटरचा वेग गाठला, तिच्यात सुपरकंडक्टर नाही. साधे विद्युतचुंबक रुळाच्या खालच्या बाजूने वर ओढतात, सेंटिमीटरभर फट सेन्सर सांभाळतात. तरंगत्या बल्बचंच हे थोरलं भावंड.

सुपरकंडक्टरची खरी गाडी जपानची. २१ एप्रिल २०१५ ला यामानाशीच्या चाचणी मार्गावर तिने ताशी ६०३ किलोमीटर गाठले. पण तीही व्हिडिओतल्या चकतीसारखी ‘अडकून’ धावत नाही. डब्यांच्या कुशीला नायोबियम-टायटॅनियमची वेटोळी हेलियमच्या थंडीत असतात. ती फक्त जबरदस्त चुंबक म्हणून. मार्गाच्या दोन्ही भिंतींत इंग्रजी आठच्या आकाराची साधी वेटोळी बसवलेली आहेत. गाडी वेगाने गेली की त्यांत वीज निर्माण होते आणि तीच गाडीला उचलते. वेग नाही तर उचल नाही, म्हणून ताशी १५० च्या आसपासपर्यंत ती चाकांवरच चालते, विमानासारखी. फट १० सेंटिमीटर ठेवलीय, भूकंपाचा देश आहे म्हणून.

चकतीच्या तत्त्वावरची गाडी चीनच्या चेंगदूमध्ये जानेवारी २०२१ ला दाखवली गेली, १६५ मीटरच्या रुळावर. तिच्यात जागेवर उभं असतानाही तरंगता येतं आणि नायट्रोजनवर भागतं. पण रूळभर निओडिमियम चुंबक अंथरावे लागतात. शेकडो किलोमीटर. आणि तो रूळ वाटेतला प्रत्येक खिळा, प्रत्येक लोखंडी कीस स्वतःकडे ओढून घेणार. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला काय काय पडलेलं असतं ते बघता, झाडू मारायला वेगळी गाडी लागेल.

आता आपली मेट्रो. सीताबर्डी इंटरचेंजवरून सुटणाऱ्या गाडीला तरंगवलं तर काय मिळेल? फारसं काही नाही. पोलादी चाक पोलादी रुळावर आधीच इतकं हलकं फिरतं की एक टन वजन सपाट रुळावर सरकत ठेवायला एक-दोन किलो वजनाएवढा जोर पुरतो. घर्षण संपवून वाचवायचं ते एवढंच. शहरातल्या गाडीची ऊर्जा जाते दर किलोमीटरभराने थांबण्यात आणि पुन्हा वेग घेण्यात, आणि हा खर्च तरंगल्याने वाचत नाही. जास्त वेगाला खरा शत्रू हवा. ताशी २५० चे ५०० केले की हवेला कापायला लागणारी शक्ती आठपट होते. तरंगण्याचा फायदा तिथे वेगळ्या कारणाने असतो: एवढ्या वेगात चाकाची रुळावरची पकड सुटायला लागते आणि झीज प्रचंड होते.

म्हणजे ही गाडी लांब पल्ल्याचीच. नागपूर ते मुंबई रेल्वेने ८३७ किलोमीटर. ताशी ५०० ने पावणेदोन तास. ऐकायला झकास. पण टोकियो ते नागोया या २८६ किलोमीटरचा अंदाजित खर्च २०२१ मध्येच सुमारे ७ लाख कोटी येन होता, मार्गाचा बहुतेक भाग बोगद्यात आहे, आणि २०२७ चं ठरलेलं उद्घाटन पुढे ढकललं गेलंय. जगातल्या सर्वांत गजबजलेल्या मार्गांपैकी एकावर ही कथा. आपल्याकडे समृद्धी महामार्ग आहे, विमानं आहेत. माझ्या हयातीत अजनीहून तरंगती गाडी सुटेल असं मला वाटत नाही, राजेहो.

जिथे थंडी परवडते

एमआरआय हे सगळ्यात मोठं उदाहरण, आणि तिथे गणित सरळ आहे. १.५ टेस्ला किंवा ३ टेस्लाचं क्षेत्र माणूस आत मावेल एवढ्या जागेत, सतत, अगदी एकसारखं हवं असतं. तांब्याच्या वेटोळ्याने ते करायचं तर वीज आणि उष्णता दोन्ही आवाक्याबाहेर जातात. थंडी स्वस्त पडते.

तरंगण्याचे उपयोग लहान आणि कमी दिखाऊ आहेत. लसी आणि जैविक औषधं बनवताना द्रव निर्जंतुक पिशवीत ढवळावा लागतो. पिशवीला भोक पाडून दांडा आत घातला की जंतूंना वाट मिळते. त्यासाठी असे मिक्सर निघाले की ज्यांत पिशवीतला चुंबकी पंखा बाहेरच्या थंड सुपरकंडक्टरने अधांतरी धरलेला असतो. चकती फिरली की पंखा फिरतो, मधे पिशवीची अखंड भिंत. मला हा उपयोग सगळ्या गाड्यांपेक्षा जास्त पटतो, कारण इथे ‘न टेकता धरणं’ याचीच गरज आहे.

दुसरा उपयोग वीज साठवणाऱ्या चाकांचा. जड चाक निर्वात पोकळीत फिरवून ठेवायचं आणि हवी तेव्हा त्याच्यापासून वीज घ्यायची. बेअरिंगमध्ये ऊर्जा गळते, तिथे तरंगतं बेअरिंग लावायचं. यामानाशीतच जपानच्या रेल्वे संशोधन संस्थेने ४ टनांचं असं चाक सौर प्रकल्पाला जोडून पाहिलं आहे.

तिसरा उपयोग केबलचा, यात तरंगत काहीच नाही. जर्मनीच्या एसेन शहरात २०१४ मध्ये गर्दीच्या भागात एक किलोमीटरची सुपरकंडक्टर केबल टाकली. १० किलोव्होल्टवर तिने १.१ लाख व्होल्टच्या केबलचं काम केलं, त्यामुळे मधलं एक मोठं सबस्टेशन वाचलं. इतवारी-महालच्या बोळांत, जिथे नवीन ट्रान्सफॉर्मरला जागा सापडत नाही, तिथे ही कल्पना मी गाडीच्या आधी लावून पाहीन. कोराडीच्या वीजकेंद्रापासून गावोगावी अशा केबल टाकण्यात मात्र अर्थ नाही. एवढ्या लांबीला थंड ठेवताना वाचवलेली वीज त्यातच जाईल.

खोलीच्या तापमानाचं स्वप्न

थंडीच नको असेल तर? जुलै २०२३ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी एलके-९९ नावाचा पदार्थ खोलीच्या तापमानाला सुपरकंडक्टर असल्याचा दावा केला. सोबत व्हिडिओ होता: चुंबकावर एक तुकडा अर्धवट उचललेला, एक टोक टेकलेलं. जगभरातल्या प्रयोगशाळांनी तो पदार्थ बनवून पाहिला आणि काही आठवड्यांत दावा बारगळला. रोध एकदम घसरलेला दिसला होता तो त्यात राहिलेल्या तांब्याच्या सल्फाइडच्या मळामुळे. त्याची रचना १०४ अंशांच्या आसपास बदलते. टेकलेलं टोक बघूनच शंका यायला हवी होती. साधा चुंबकीय तुकडाही एका टोकावर असा उभा राहतो. खरा अडकलेला सुपरकंडक्टर कुठेही न टेकता राहतो, उलटा केला तरी सुटत नाही, आणि क्षेत्रात ठेवून थंड करताना क्षेत्र बाहेर लोटतो किंवा पकडून ठेवतो. पुढचा व्हिडिओ आला की एवढं तपासा. मधे आलेले हायड्रोजनवाले पदार्थ उणे २३ अंशांपर्यंत पोचलेत खरे, पण वातावरणाच्या दाबाच्या सुमारे सतरा लाख पट दाबाखाली, दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये.

आणि समजा, उद्या तसा पदार्थ सापडलाच, तरी तो ठिसूळ नसावा, त्याची लांब तार बनावी आणि गरम असतानाही धागे काट्यांत रुतून राहावेत, ही सगळी कामं उरतात. उष्णतेने धागे हळूहळू सुटत जातात. इट्रियमवाल्या पदार्थाची धातूच्या पट्टीवर मायक्रॉनभर जाडीचा थर देऊन तार बनवायला माणसांना दोन दशकं लागली.

स्वतः करून पाहायचं असेल तर

चकती आणि चुंबक शैक्षणिक साहित्य विकणाऱ्यांकडे मिळतात, नायट्रोजन वायू पुरवठादाराकडे. घरी, एकट्याने नको. भौतिकशास्त्राच्या विभागात, शिक्षकांसोबत. नायट्रोजनच्या भांड्याला कधीही हवाबंद झाकण लावू नका: एक लिटर द्रवाचा सुमारे ७०० लिटर वायू होतो आणि बंद भांडं फुटतं. त्याच कारणाने खिडक्या उघड्या ठेवा, एसीची बंद खोली नको, आणि रिक्षाच्या मागच्या सीटवरून भांडं आणू नका. डोळ्यांना चष्मा हवा. हातमोजे सैल असावेत, म्हणजे आत थेंब गेला तर झटकून काढता येतात. चुंबक आणि चकती धरायला प्लास्टिकचाच चिमटा. स्टीलचा चुंबकाला चिकटतो. प्रयोग झाला की चकती ओली होते आणि ओल हा तिचा सगळ्यात मोठा शत्रू, पाण्याने तिचं संयुगच हळूहळू विघटित होतं. ड्रायरच्या कोमट हवेने ती नीट वाळवा आणि सिलिका जेलच्या पुडीसोबत घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा, पावसाळ्यात तर नक्कीच.